पाणी प्यालेला पंखा

त्या पावसाळ्यात आमच्या घरी पीठ फार बारीक होतं. इतकं बारीक, की भाकरी थापताना काठाला भेगा पडायच्या आणि खाताना घशाशी करपट वास यायचा. एकदा दळलेलं पीठ पुन्हा जात्यात घातलं की ते तापतं आणि त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. माझ्या अव्वेला, म्हणजे आईला, तर असल्या गोष्टींवरून गावातल्या सुनांना नावं ठेवायची हौस होती. तरी ती तेच ते पसाभर पीठ दिवसातून कितीदा तरी पुन्हा जात्यात लोटायची. कारण परसातल्या पेवात माझा थोरला भाऊ, अण्णा, लपलेला होता, आणि त्याला खोकला झाला होता. पेवातून खोकल्याची उबळ ऐकू आली, की अव्वा हातातलं टाकून जात्याला बसायची. जात्याच्या घरघरीत खोकला बुडायचा. भाजी करपायची, दूध उतू जायचं, पण जातं चुकायचं नाही.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट खोलीएवढं. जोंधळा संपत आला होता म्हणून अण्णाला त्यात जागा झाली. पण पेवात हवा कोंडते, आणि त्या हवेत उतरलेला माणूस हाक मारायच्या आत जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून जेवण खाली सोडण्याआधी दोरीला बांधून दिवा सोडायचा. दिवा तेवत राहिला तर ठीक. हे काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा न्हाती-धुती झालेली, लग्नाला आलेली मुलगी होते. घरातली बाकीची कामं मी मुरकत करायची, पण या कामाला मला रोज घाम फुटायचा. दिवा खाली जाताना ज्योत एकदा लहान व्हायची, दर वेळी व्हायची, आणि ती पुन्हा मोठी होईपर्यंत मी दोरी हलू द्यायची नाही. "मादव्वा, जळायलाय का?" अव्वा मागून विचारायची. "जळायलाय," म्हणून मी सांगायची. मग शेंगाचटणी लावलेली भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि ताकाचा तांब्या खाली जायचा. मी मुळात भित्री आहे. नातवंडं मला हसतात, लिफ्टमध्ये बसत नाही म्हणून. त्यांनी पेवात दिवा सोडलेला नाही, एवढंच मी म्हणते.

अण्णाचा गुन्हा काय, तर तालुक्याच्या शाळेवर त्याने आणि आणखी दोघांनी मिळून तिरंगा झेंडा लावला होता. मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या राज्यातले, ते शेवटचे दिवस होते. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला ते कधीच न संपणारे वाटायचे. बंदुका घेतलेली टोळकी गावोगाव फिरायची. अव्वा त्यांचं नाव तोंडाने घ्यायची नाही, "वारं" म्हणायची. "वारं आलंय गं पलीकडच्या गल्लीत," म्हणाली की आम्ही कडी लावायची. एकदा वारं आमच्या घरातही येऊन गेलं. कडब्याच्या गंजीत सळया खुपसून पाहिल्या, अव्वेच्या पेट्या उलट्या केल्या. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सांगितलं की पोरगा सोलापूरला मामाकडे गेलाय. ते तेव्हा खरंही होतं. पण पुढे अण्णाला ताप आला, आईच्या हातचं खावंसं वाटलं, आणि हा शहाणा एका अंधाऱ्या पहाटे भीमा ओलांडून घरी आला. तो आला, आणि मागोमाग नदीला पूर आला. नदीने दार लावून घेतलं.

भीमेच्या अलीकडे आम्ही मोगलाईत, पलीकडे खालसा, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा मुलूख. पलीकडच्या मठाच्या पांढऱ्या पायऱ्या आमच्या घाटावरून दिसायच्या. तिथे गेलं की वाऱ्याचा हात पोचत नव्हता. गंमत अशी की त्या नदीवर माणसं नेण्या-आणण्याचा गुत्ता, म्हणजे ठेका, आमच्याच अप्पांकडे होता. गावात त्यांना गुत्तेदारच म्हणत. अख्ख्या तालुक्याला पार करणाऱ्या माणसाला स्वतःचं पोर पार करता येईना. कारण पळून जाणारे वाढले म्हणून अमीनसाहेबांनी, म्हणजे आमच्याकडच्या फौजदाराने, सगळे हरिगोल जप्त करून चावडीत उपडे घातले होते. हरिगोल म्हणजे बांबूच्या टोपलीला चामडं मढवून केलेली गोल नाव. पुरात ती तशीही चालत नाही, गरगर फिरत खाली जाते. राहिली फक्त एक नाव, आणि ती अजून नाव व्हायची होती.

ती होती अप्पांची इंजिनची नाव. पावसाळ्यात हरिगोल बंद पडतात, माणसं दोन्ही काठांवर अडकून बसतात, हे अप्पांना वर्षानुवर्षं खुपत होतं. म्हणून त्यांनी गोठ्याच्या पडवीत सपाट बुडाची लांब लाकडी नाव बांधायला घेतली होती. आमच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन तिच्यात बसवलं होतं, आणि इंजिन चालवणारा कासीमचाचाही गिरणीबरोबर नावेवर आला होता. तो आमच्याच परसात गिरणीच्या खोलीत राहायचा. त्याला बायकापोरं नव्हती. दिवसभर चिंधीने इंजिन पुसत बसायचा आणि इंजिनाशीच बोलायचा. अमीनसाहेबांनाही ही नाव हवी होती, कारण त्यांचे शिपाई पुरात अडकायचे. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. नाव त्यांच्या जवानाच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा वर ओढायची. एरवी ती कोरड्या जमिनीवर राहिली पाहिजे. ही अट अप्पांनी मान डोलवून कबूल केली. पुढे सगळं त्या कोरडेपणावरच येऊन अडलं.

नावेचा पंखा अप्पांनी सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणला होता. तीन पाकळ्यांचा, पितळी, कुठल्या तरी मोडीत निघालेल्या बोटीचा. तो घरी आला तेव्हा अव्वेने त्याला हळदकुंकू लावलं आणि मी त्यात तोंड बघून घेतलं. पण शाफ्ट होता आमच्या जुन्या तेलघाण्याचा. पंख्याच्या भोकात तो घालून पाहिला तर भोवती बोट फिरेल एवढी जागा! अप्पा मटकन खालीच बसले. गावात बैलगाड्या करणारा इराप्पा बडिगेर होता, त्याला बोलावलं. इराप्पाने पंखा हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला, भोकात फुंकर मारली आणि म्हणाला, "चाकच की हे. तीन आऱ्याचं. ह्यात काय अवघड हाय?"

आणि त्याने ते चाकासारखंच बसवलं. जुन्या वाळलेल्या बाभळीची एक पोकळ नळी कोरली, ती शाफ्टवर घणाने ठोकून घट्ट बसवली, नळीवर पंखा सरकवला, आणि तो निसटू नये म्हणून शाफ्टच्या टोकाला आडवी लोखंडी खीळ मारली, गाडीच्या आसाला मारतात तशी. पंख्याच्या भोकाच्या आत एका बाजूला लांब खाच होती. ती कशाला, यावर थोडी चर्चा झाली. इराप्पा म्हणाला, वंगणाची वाट असणार. अप्पांना पटलं. कासीमचाचाने गिरणीची पुली आयुष्यात कधी उघडून पाहिली नव्हती, ती बसवूनच आली होती, तोही म्हणाला, "हौ, तेलइच का रास्ता है." मग त्या खाचेत अव्वेने न्हाणीतलं एरंडेल ओतलं. चाक म्हटलं की वंगण आलंच. गाडीचं चाक आसावर मोकळं फिरावं लागतं आणि नावेचा पंखा शाफ्टला धरून फिरावा लागतो, हा एवढा फरक त्या गोठ्यात उभ्या असलेल्या एकाही माणसाच्या ध्यानात आला नाही. माझा नातू इंजिनियर आहे. त्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, "आजी, ती चावीची खाच, पंखा शाफ्टला जखडायला! तुम्ही तिला तेल पाजलंत?" पाजलं बाबा. आम्ही गाड्यांची माणसं.

इराप्पाने जाताना मात्र एक सांगितलं. "गुत्तेदार, लाकूड लई कोरडं हाय. उन्हाळ्यात चाक खुळखुळा झालं की आपण गाडी रातभर नदीत हुबी करतो का न्हाई? तसं ह्याला रातभर पान्यात ठिवा. पानी पिऊन फुगलं की मग हलायचं न्हाई." पण पाण्यात ठेवायची कशी? अमीनसाहेबांची अट होती. अप्पांनी पंख्यावर ओलं पोतं गुंडाळून पाहिलं, पण बाहेरच्या ओलीने आतलं लाकूड कशाला फुगतंय! आणि थांबायला वेळ उरला नव्हता. अण्णाचा ताप वाढला होता, खोकल्याबरोबर रक्त पडायला लागलं होतं, आणि एका दुपारी मी सोडलेला दिवा विझता विझता राहिला. तो इतका लहान झाला की मी किंचाळणार होते. अव्वेने माझं तोंड दाबलं. त्याच संध्याकाळी अप्पा म्हणाले, "उद्या नाव काढू. चाचणी हाय म्हनून जवानाला सांगून येतो." अव्वेने जोंधळा पाखडायला घेतला.

अप्पांनी अण्णाला पहाटेच नावेच्या तळाशी, फळ्यांखाली निजवलं. त्याच्या छातीशी अव्वेने एका फडक्यात भाकरी बांधून दिली. कासीमचाचाला यातलं काही ठाऊक नाही, आणि होता कामा नये, असं अव्वेने मला बजावलं होतं. चाचाची तिला भीती वाटायची. तो कधी वाईट वागला होता म्हणून नव्हे, पण त्या दिवसांत कुणाचीही वाटायची. सख्ख्या चुलत्याला आम्ही सांगितलं नव्हतं. भीती अशी घरात शिरली की आधी माणसं कमी करते.

नवी नाव पहिल्यांदा सोडताना नदीच्या मध्यावर गंगव्वेची ओटी भरायची, दहीभात सोडायचा, आणि कुमारिकेने दिवा धरायचा, ही आमच्याकडची रीत. म्हणून अव्वा आणि मी नावेत बसणार यात कुणाला वावगं वाटलं नाही. जवान आला तेव्हा अप्पा आणि बैल नावेला ओंडक्यांवरून घाटाकडे ओढत होते. जवान तरुण होता, मिशा अजून नीट फुटल्या नव्हत्या. त्याने नावेकडे पाहिलं आणि एक पाय काठावर ठेवला. "अंदर क्या है, देखताऊँ." त्याचा बूट ज्या फळीवर पडणार होता, तिच्याच खाली अण्णाचं डोकं होतं. मी दिव्याच्या वातीकडे बघत राहिले, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. अव्वा पुढे झाली. "पूजेची नाव हाय दादा. बूट काडून चढ की, नको कोन म्हनतंय?" त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. पिंढरीपर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या होत्या, त्या सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. अव्वेने लगेच त्याच्या हातात हुग्गीची वाटी दिली, वरून तुपाची धार. गहू-गुळाची ती गरम खीर बघून तो काठावरून खाली उतरला. "जाने दो," म्हणाला, "मैं यहाँइच बैठताऊँ." अजूनही मला गव्हाच्या हुग्गीचा वास आला की आधी भीती वाटते आणि मग भूक लागते.

इंजिन सुरू झालं. ठुक ठुक ठुक, तोच आमच्या गिरणीचा ओळखीचा आवाज. नाव घाटापासून सुटली, हलली, पुढे निघाली, आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा मागे सुकाणूवर उभे होते. त्यांच्या तोंडावर मला हसू दिसलं. खरं सांगते, तेवढा वेळ मीही भीती विसरले. तांबूस पाणी, त्यात वाहणारी झुडपं, एका तरंगत्या पेंढीवर बसलेला साप, आणि समोर मठाच्या पायऱ्या मोठ्या मोठ्या होत होत्या. इंजिनाच्या आवाजात अण्णा हवा तेवढा खोकू शकत होता. मध्यावर आलो तेव्हा अव्वेने ओटी सोडली, दहीभात सोडला.

आणि तेवढ्यात इंजिनचा आवाज बदलला. जड ठुकठुक होती ती एकदम हलकी, भरभर झाली, ओझं टाकलेल्या गड्यासारखी. आम्हाला वाटलं, वेग वाढला. पण मठाच्या पायऱ्या बाजूला सरकायला लागल्या. नाव पुढे जात नव्हती, खाली वाहत होती. इंजिन फिरत होतं, पट्टा फिरत होता, शाफ्ट फिरत होता, आणि मागे पाण्यात पंखा आपल्या वंगणात मस्त बसून राहिला होता. इराप्पाची खीळ मात्र घट्ट होती. पंखा कुठेही जाणार नव्हता, आणि आम्हालाही कुठे नेणार नव्हता.

"बंद कर, कासीम! बंद कर!" अप्पा ओरडले. "घासून घासून लाकूड झिजंल. पानी पिऊ दे त्याला!"

कासीमचाचाने इंजिन बंद केलं. अशी शांतता मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेली नाही. पाण्याचा सूं आवाज, आणि त्यात, फळ्यांखालून, खोकला. स्पष्ट, ओला, एकामागून एक. खालच्या अंगाला नदी आमच्या काठाकडे वळत होती, आणि प्रवाह आम्हाला तिकडेच नेत होता. त्या वळणाच्या पुढे खडक होते. पुरात तिथे मेलेल्या म्हशी येऊन लागायच्या. वळणाकडे काठाने तो जवान धावत येत होता. त्याच्या हातात घाटावरचा दोर होता. आम्ही बुडतोय असं वाटून तो आम्हाला वाचवायला येत होता.

अव्वा गायला लागली. नदीच्या मधोमध, पदर खोचून, जात्यावर बसल्यासारखी मांडी घालून, खड्या आवाजात.

"दळण सरंना बाई, सूप भरलेलं,
पान्यावर दिसंना गं, गाव पल्याडलं."

पुढची ओवी तिला आठवेना. हजार ओव्या पाठ असलेली बाई ती, पण तिला एकही आठवेना. मग तिने तीच पुन्हा म्हटली, आणि पुन्हा. उबळ आली की आवाज चढवायची. आणि मग ठण ठण असा आवाज सुरू झाला. कासीमचाचा हातोडा घेऊन इंजिनाच्या चाकावर ठोकत होता. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. तो आमच्याकडे न बघता नुसता ठोकत होता, आणि खोकला आला की जोरात ठोकत होता.

"मादव्वा, माझं पाय धर," अप्पा म्हणाले. ते नावेच्या मागच्या टोकावर पालथे पडले आणि अर्धे बाहेर लोंबकळले. मी त्यांचे घोटे छातीशी धरून बसले. त्यांनी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, पंख्याची पाकळी धरली आणि फिरवून पाहिली. "फिरायलाय," ते म्हणाले. म्हणजे अजून सैलच होता. त्यांचं वजन मला ओढत होतं. माझे हात सुटले तर अप्पा जातील, फळीखाली अण्णा आहे, समोर खडक आहेत, आणि मला नाक शिंकरायचं होतं. एवढ्या मोठ्या भीतीत असलं काही आठवतं, याची मला अजून लाज वाटते आणि हसूही येतं.

जवान आता हाकेच्या अंतरावर आला होता. "अजी, रस्सी पकड़ो! पकड़ो!" त्याने दोर फेकला. नेम चांगला होता, दोर बरोबर कासीमचाचाच्या हातापाशी पडला. चाचाने तो धरायला हात पुढे केला, आणि दोर त्याच्या बोटांतून निसटून पाण्यात गेला. जवानाने शिवी हासडली, दोर ओढून पुन्हा फेकला. पुन्हा तसंच. तो माणूस चालत्या पट्ट्यावर हात ठेवून गिरणी चालवायचा, त्याच्या हातून कधी काही निसटलेलं मी पाहिलं नव्हतं. "तेल लग्या हातों कू!" तो काठाकडे ओरडला, आणि पुन्हा हातोडा उचलला.

अप्पांनी पुन्हा पाकळी धरली. "जड झालाय. थोडा जड झालाय." मी खाली पाहिलं. नावेचं मागचं टोक आमच्या वजनाने दबलं होतं, आणि तिथल्या फळ्यांच्या फटींतून पाणी वर येत होतं. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे अंबाडीचा वाख आणि मेण ठासलं होतं, ते शाफ्टच्या धडपडीने सुटलं असणार. तिथे पाणी फळीला टेकलं होतं. म्हणजे पुढे अण्णाच्या डोक्याशी किती असेल? आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की खोकला थांबलाय. कधी थांबला ते कळलंच नव्हतं. अव्वेच्याही ध्यानात आलं. तिने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती गातच राहिली. आता गायची काही गरज नव्हती. पण ती थांबली असती तर ती शांतता ऐकावी लागली असती. तिचा आवाज मोडत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तोंडात तेच, दळण सरंना बाई.

"कासीम!" अप्पा पाण्यातून ओरडले. "हलंना! पाकळी हलंना! लाव!"

मी त्यांना ओढून आत घेतलं, कसं ते मला माहीत नाही. चाचाने मोठं चाक हाताने फिरवलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा फिरवलं, आणि ठुक ठुक सुरू झालं. या वेळी जड. नावेच्या मागे पाणी ढवळलं गेलं. एरंडेल वाहून गेलं होतं, बाभळ पाणी पिऊन फुगली होती, आणि नातू म्हणतो त्याप्रमाणे त्या खाचेतही घुसली असणार. खडकांच्या वरच्या अंगाला, जवळजवळ त्यांना चाटून, नावेने तोंड फिरवलं. काठावर जवान दोर हातात घेऊन उभा होता. त्याने दुसऱ्या हाताने कपाळाचा घाम पुसला. आम्ही वाचलो याचा त्याला आनंद झाला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मठाच्या पायऱ्यांच्या खाली, वडाच्या आड नाव लागली. अव्वा अजून गातच होती. फळी उचलायला कुणीच पुढे होईना. अप्पा सुकाणू धरून उभे राहिले, मी अव्वेला धरून बसले. शेवटी कासीमचाचाने वाकून फळी उचलली. खाली अण्णा उताणा पडला होता. पाणी कानांच्या वर आलं होतं, नाक तेवढं बाहेर. डोळे उघडे होते. आणि तोंडात अव्वेने बांधून दिलेली भाकरी, फडक्यासकट, गच्च कोंबलेली होती. त्याने चाचाकडे पाहून डोळे मिचकावले. चाचाने ते फडकं ओढून काढलं, आणि आतापर्यंतचे सगळे खोकले एकदम बाहेर आले. त्याला दोन्ही हातांनी उचलत चाचा अव्वेला म्हणाला, "रोज चक्की, रोज चक्की! मेरे कान पक गए अव्वा. तीन आदम्यों का घर, इत्ता आटा खाता कौन, मैं नई समझा क्या?"

अव्वेने ओवी अर्धीच सोडली. तिने चाचाच्या पायांना हात लावला. तो मागे सरकला आणि पाण्यात पडता पडता राहिला.

मठातल्या लोकांनी अण्णाला गाडीत घालून सोलापूरला मामाकडे नेलं. मला त्याच गाडीत बसायचं होतं. मी अव्वेचा पदर धरून रडले, की आपण सगळेच इथे राहू. "मग जवानाला काय सांगायचं? कामून आली न्हाई म्हनून इचारंल, आन् इराप्पाला धरंल, ह्याला धरंल," असं म्हणून तिने चाचाकडे बोट दाखवलं. आम्ही परत गेलो. मुक्कामाला पोचून पुन्हा उलटं फिरायचं, आणि तेही आपल्या पायांनी, याच्याएवढं भयंकर मी पुढे काही केलं नाही. बाळंतपणंसुद्धा सोपी गेली.

घरी आल्यावर अव्वेने चूळ भरली आणि तडक जात्याला बसली. पेव रिकामं होतं. तरी ती दळत राहिली, कारण रोजचं जातं एकाएकी थांबलं तर शेजारीपाजारी कान टवकारतील. त्या पावसाळ्यात शेवटपर्यंत आम्ही ती करपट भाकरी खाल्ली. पुढे उन्हाळ्यात नदी आटली, नाव काठावर वाळत पडली, बाभळीची नळी आकसली, खीळ गंजून मोडली, आणि पंखा आपोआप गळून वाळूत पडला. अप्पांनी तो उचलून आणला आणि पेवाच्या तोंडावर उपडा ठेवला. तोवर मोगलाईही गेली होती.

अण्णा सोलापूरहून परत आला तो त्याआधीच्या हिवाळ्यात, बरा होऊन, अंगावर मांस धरून. सगळं गाव भेटायला लोटलं. तो पडवीत बसून चहा पीत होता, चाचा त्याच्या शेजारी. हसता हसता त्याला चहाचा ठसका लागला आणि तो मोठ्याने खोकला. आत जातं सुरू झालं. अण्णा उठून आत गेला, मी त्याच्या मागे गेले. अव्वा रिकामं जातं फिरवत होती, त्यात दाणासुद्धा नव्हता, नुसता दगडावर दगड.

"अव्वा," तो तिच्यापुढे उकिडवा बसला, "आता जातं कशाला गं? आता कोन ऐकायलंय?"

अव्वेने खुंटा सोडला नाही. "खोक तू," ती म्हणाली. "तू आपला खोक. मी हाय हितं."